स्क्रीनसमोर कोण बसणार ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की मिस्टर वर्षभरापासून कामासाठी दुसऱ्या शहरात, तुम्ही चौदा वर्षांच्या लेकीबरोबर घरी, रात्रीचा व्हिडिओ कॉल म्हणजे रोजचं भांडण, लेक शाळेतून आली की दार लावून बसते, दहा हाका मारल्याशिवाय बाहेर येत नाही आणि तुमची स्वतःची झोप उडालीय. विचारलंय की ऑनलाइन थेरपीने खरंच काही होतं का की नुसते पैसे जातात, आणि करायचीच तर सुरुवात एकटीने करू, दोघांनी की तिघांनी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, कपल आणि फॅमिलीचं काम बरीच वर्षं करतेय आणि हल्ली माझी निम्म्याहून जास्त सेशन्स स्क्रीनवरच होतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्याचं पटकन सांगते. होतं. चिंता, डिप्रेशन, पॅनिक असल्या तक्रारींवर इंटरनेटवरून दिलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी, समोर बसून दिलेल्या थेरपीच्या तोडीची आहे का हे पुष्कळांनी तपासलंय. स्वीडनचे पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा २० अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा दोन्हीकडे पडलेला फरक जवळपास सारखाच निघाला. फक्त यात एक मेख आहे जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. तसले कार्यक्रम म्हणजे मुख्यतः वाचायचे धडे, घरी करायचा सराव आणि थेरपिस्टचे लेखी निरोप, आणि तेही एकेकट्या माणसासाठी. भांडणारं जोडपं आणि दार लावून बसलेली लेक त्या हिशोबात नाही. म्हणून "ऑनलाइन चालतं हे सिद्ध झालंय" असं सरसकट कोणी म्हणालं की मी विचारते, कोणासाठी आणि कशासाठी.

बाकी लांबून थेरपी हे काही कोविडने आणलेलं खूळ नाही हो. अमेरिकेत नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटने १९५९ मध्ये दोन्ही बाजूंनी दिसेल असा टीव्ही लावून ग्रुप थेरपी केली होती आणि १९६४ मध्ये ११२ मैल लांबच्या नॉरफोकच्या सरकारी मनोरुग्णालयाशी तशीच लाइन जोडली. त्याच्याही आधी फ्रॉइडने लहानग्या हान्सची केस, जी १९०९ साली छापून आली, ती बहुतेक सगळी मुलाच्या वडिलांमार्फत आणि त्यांच्या पत्रांवरून चालवली, उपचारासाठी म्हणून तो मुलाला एकदाच भेटला. तेव्हा थेरपिस्ट खोलीत हजर नाही म्हणून काही होणारच नाही ही भीती सोडा.

खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे आणि लोक तोच घाईत उरकतात. ऑनलाइन की ऑफलाइन यावर आठवडा आठवडा शोध घेतात आणि कोण बसणार हे बुकिंगच्या वेळी जो पर्याय समोर दिसेल त्यावर टिक करून ठरवतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंटच्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: कुठे पोचायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचंय यावर एकमत, आणि एकमेकांवरचा भरवसा. माणूस एकटा असेल तर हे तिन्ही स्क्रीनवर बऱ्यापैकी जमून येतं. जोडपं आलं की तेच तिन्ही प्रत्येकाशी वेगळं जमवावं लागतं आणि त्या दोघांचं आपापसातही जमावं लागतं, आणि तिथेच घोळ असतो कारण एकाला संसार सावरायचा असतो आणि दुसऱ्याला "बघा, मी थेरपीसुद्धा केली" एवढं म्हणता यावं म्हणून यायचं असतं. समोर बसलेल्या माणसाचा हा अर्धा पाय बाहेर असलेला खोलीत लगेच कळतो, तो खुर्चीच्या कडेला बसतो, पर्स मांडीवरून खाली ठेवत नाही. स्क्रीनवर खांद्यापासून वरचंच दिसतं, त्यामुळे मला तोंडाने विचारून घ्यावं लागतं, आणि तेही एकेकट्याला.

म्हणून मी करते असं की पहिली भेट दोघांची एकत्र, त्यानंतर प्रत्येकाची एक-एक स्वतंत्र आणि मग परत एकत्र बसून ठरवायचं की पुढे काय. कपलचं काम करणारे बरेच जण असंच करतात. स्वतंत्र भेटीत मी दोन गोष्टी विचारतेच विचारते, घरात मारहाण, धमकी किंवा पाळत आहे का, आणि असं काही आहे का जे दुसऱ्याला माहीत नाही. पहिल्याचं उत्तर हो असेल तर कपल सेशन सुरूच करत नाही, कारण सेशनमध्ये बाई मोकळेपणाने बोलली आणि कॅमेरा बंद झाल्यावर त्याचीच शिक्षा तिला घरात मिळाली असं होऊ शकतं आणि मी तिथे पोचू शकत नाही. दुसऱ्याबद्दल नियम आधीच सांगते की तुम्ही मला एकांतात सांगितलेलं, जे दोघांच्या कामाच्या आड येतंय, ते मी कायम पोटात ठेवून दोघांबरोबर बसणार नाही, तुम्ही स्वतः कसं सांगायचं त्याला मी मदत करेन. प्रत्येक थेरपिस्टचा यावर वेगळा नियम असतो, काही चुकीचं नाही त्यात, पण नियम काय आहे हे पहिल्या भेटीत कळलं पाहिजे. विचारून घ्या.

तुमच्या घरात माझ्या मते क्रम असा लावावा. लेकीची एक भेट लवकरात लवकर, तिच्या एकटीची. ती "पेशंट" आहे म्हणून नाही, खोलीत बसणं हे वयाचं आहे, शाळेतल्या कशाचं आहे, डिप्रेशन आहे की रोज रात्री भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या आवाजाचं आहे हे बाहेरून कळत नाही म्हणून, आणि तिच्या मनात स्वतःला काही करून घेण्याचे विचार आहेत का हे कोणीतरी नीट विचारायला हवं म्हणून. ते विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे, शिरत नाही, उलट पोरं सुटल्यासारखी बोलतात. त्याच आठवड्यात तुमचं दोघांचं काम सुरू करा. तिघांचं एकत्र सेशन नंतर, तुमच्या दोघांत निदान भांडण थांबवण्याची काही पद्धत बसली की मग. नाहीतर लेकीला आणखी एका स्क्रीनवर तेच भांडण बघायला बसवल्यासारखं होईल.

आणि तुमची झोप? त्यासाठी कपल थेरपिस्टकडे वेळ मागू नका. निद्रानाशासाठी सीबीटीचीच एक खास पद्धत आहे, साधारण सहा ते आठ भेटींची, झोपेची डायरी ठेवायची, अंथरुणात पडून राहायचा वेळ आधी कमी करायचा, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या जागी जायचं वगैरे, ही ऑनलाइन उत्तम चालते. बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असेल तर मात्र झोप कमी करायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तोपर्यंत एक करा, तो रात्रीचा कॉल झोपायच्या तोंडावर नको, संध्याकाळी लवकर घ्या किंवा सकाळी. दोघं थकलेले, एक जण अंथरुणात, विषय हिशोबाचा किंवा लेकीच्या मार्कांचा, यातून भांडणाशिवाय दुसरं काय निघणार.

तुमच्या तिघांचा थेरपिस्ट एकच असावा का असंही खाली विचारलंय तुम्ही. माझं म्हणणं, नसावा. कपलचा एक, लेकीचा वेगळा. मुलांना पक्कं ठाऊक असतं की जी बाई आई-बाबांशी बोलते ती शेवटी मोठ्यांच्याच बाजूची. दोन थेरपिस्टना आपापसात बोलायची लेखी परवानगी द्या, तेवढं पुरतं.

आता स्क्रीनवर जोडपं आलं की काय काय होतं ते सांगते. एकाच घरातले असले तर एका फोनसमोर खांद्याला खांदा लावून बसतात, दोघं माझ्याकडे बघतात, एकमेकांकडे कोणीच नाही, आणि माझा होतो न्यायाधीश. मी त्यांना फोन लांब ठेवून खुर्च्या तिरप्या करायला लावते, मी दिसले नाही तरी चालेल, तुम्ही एकमेकांना दिसा. तुमचं तसं नाही, तुम्ही दोन शहरांत, म्हणजे तीन चौकोन. यात फायदा असा की प्रत्येकाचा चेहरा पूर्ण समोर दिसतो, खोलीत मला दोघांकडे आळीपाळीने मान वळवावी लागते आणि एक ओठ मुडपतोय ते दुसऱ्याकडे बघताना निसटतं. तोटा असा की म्यूट, कॅमेरा बंद आणि लीव्ह ही तीन बटणं भांडणात हत्यारं होतात. खोलीतून रागाने उठून जायला माणसाला दारापर्यंत चालावं लागतं, तेवढ्यात हाक मारता येते. इथे एक बोट लागलं की माणूस गायब आणि दुसऱ्याला काळा चौकोन. म्हणून पहिल्याच दिवशी करार करायचा: थांबायचं असेल तर तसं म्हणायचं, कॅमेरा बंद केला तरी आवाज चालू ठेवायचा, लीव्ह केलंच तर ठरलेल्या वेळात परत जॉइन व्हायचं, आणि नेट गेलं तर नेटच गेलंय असं धरायचं, "मुद्दाम कट केला" असं नाही. या शेवटच्या वाक्यावरून किती भांडणं झालीत ते विचारू नका.

आवाज अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचतो तोही फार नडतो. ती म्हणते "मला एकटं पडल्यासारखं झालं", त्याचं "हं" तिच्यापर्यंत उशिरा येतं, तोवर तिने गृहीत धरलेलं असतं की याला काही पडलेली नाही, ती पुढचं वाक्य चढ्या आवाजात बोलते, आता त्याचं ते "हं" नेमकं तिच्या रागावर येऊन आदळतं आणि कुत्सित वाटतं. मी असं झालं की सेशन थांबवून दोघांना सांगते, आत्ता काय झालं बघा, हे नेटने केलं. मग बोलायची पाळी लावते, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं आणि मगच स्वतःचं बोलायचं. ही तशी जुनीच युक्ती आहे पण कॉलवर ती खोलीतल्यापेक्षा जास्त कामाला येते कारण कॉलवर एकावेळी दोघं बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही.

अंगातला राग मोजायचीही एक सोय असते. जॉन गॉटमन, ज्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, भांडायला लावून अंगाला यंत्रं लावून अभ्यास केला, त्यांचं म्हणणं असं की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, तेव्हा निदान २० मिनिटांची सुट्टी घ्यायची आणि त्या सुट्टीत भांडणाचीच उजळणी करायची नाही. हल्ली कित्येकांच्या मनगटावर घड्याळ नाडी दाखवतं. मी सेशनमध्ये मधेच विचारते, किती आहे आत्ता? एक गृहस्थ अगदी शांत चेहऱ्याने बसलेले, बायको म्हणत होती याला भावनाच नाहीत, दगड आहे, त्यांनी घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरलं तर ११८. ती बघतच राहिली. पुढचा सगळा तास त्या ११८ वरच गेला आणि चांगला गेला. (ओळख लपवायला तपशील बदललेत, आकडा मात्र तोच आहे.)

त्याच गॉटमननी असंही नोंदवलंय की जोडप्यांचे साधारण ६९ टक्के वाद हे कायमचे असतात, स्वभावातल्या, सवयींतल्या फरकातून आलेले, ते सुटत नाहीत, त्यांच्याबरोबर राहायला शिकायचं असतं. त्यामुळे "सहा सेशनमध्ये सगळे प्रॉब्लेम सॉल्व्ह" असं कोणी म्हणत असेल तर तिथून काढता पाय घ्या.

फॅमिली सेशनचं वेगळंच असतं. फॅमिली थेरपीतले एक मोठे नाव साल्वादोर मिनुचिन सेशन चालू असताना घरच्यांच्या जागा बदलायला लावायचे, मुलाला आई-बाबांच्या मधून उठवून बाजूला बसवायचे आणि आई-बाबांना शेजारी. लिंकवरून हे करता येत नाही असं आधी वाटायचं, पण येतं, कोण कुठल्या खोलीतून जॉइन होणार हे ठरवणं म्हणजे जागाच बदलणं. टीनेजर मुलांना मी बऱ्याचदा स्वतःच्या खोलीतून, स्वतःच्या फोनवरून यायला सांगते, सोफ्यावर आईच्या शेजारी दाबून बसवलेलं पोर काय बोलणार. तिला चॅटमध्ये लिहायची मुभा देते, कॅमेरा बंद ठेवायचा तर ठेव म्हणते. पहिल्या भेटीत काही मुली फक्त छताचा पंखा दाखवतात. चालतं. एकदा मी एकीला विचारलं तुझ्या खोलीत तुला आवडणारी एक गोष्ट दाखव, तिने फोन फिरवत फिरवत खिडकीतली कुंडी दाखवली आणि मग दहा मिनिटं त्या झाडाबद्दल बोलली, तेवढ्यात मला तिची झोप, शाळा, मैत्रिणी सगळं कळलं. क्लिनिकमध्ये ती खोली माझ्या नजरेला कधीच पडली नसती.

फॅमिली थेरपीतल्याच मरे बोवेन यांची त्रिकोणाची कल्पना तुमच्या घराला फार लागू पडते असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. दोघांतला ताण असह्य झाला की तो तिसऱ्याकडे वळवला जातो. तुम्ही लिहिलंय की मिस्टर "तिला दे फोन" म्हणतात आणि लेक घेत नाही, मग ते तुमच्यावर चिडतात की तूच तिला शिकवलंस. म्हणजे फोन घेणं न घेणं हे लेकीसाठी बाजू घेणं होऊन बसलंय. तिच्याशी मिस्टरांचा वेगळा कॉल असू दे, वेगळ्या वेळी, तुमच्या फोनवरून नाही, आणि त्यात तुमचा विषय नाही. हे करायला थेरपिस्टची वाट बघायची गरज नाही, आजपासून करा.

प्रायव्हसी हा ऑनलाइनचा सगळ्यात कच्चा धागा आहे आणि तो थेरपिस्टच्या नाही, तुमच्या टोकाला तुटतो. क्लिनिकचं दार मी लावते, तुमच्या घरचं तुम्हालाच लावायचंय. हेडफोन लावाच, त्यामुळे माझं बोलणं तरी बाहेर जात नाही. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर तुमचंही फारसं ऐकू जात नाही. उभ्या गाडीत बसून सेशन करणारे खूप आहेत, ठीक आहे, पण गाडी चालवत असताना मी सेशन घेत नाही, तुमच्या थेरपिस्टनेही घेऊ नये. कोणी खोलीत आलं तर म्हणायचं एक साधं वाक्य आधीच ठरवून ठेवा, "ती फाइल नंतर बघू" असलं काहीतरी, ते ऐकलं की मी विषय बदलते. दर वेळी सुरुवातीला मी विचारते की आत्ता नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहात आणि जवळपास कोण आहे, काहींना ही चौकशी वाटते, पण तुम्हाला मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे मला माहीत असावं लागतं. ज्याला फोन करायचा त्या जवळच्या माणसाचा नंबरही घेऊन ठेवते. हे काहीच न विचारणारा थेरपिस्ट मला जरा बेफिकीर वाटतो. रेकॉर्डिंग कोणीच करायचं नाही, जोडप्यांना हे लेखी द्यायला लावते, कारण पुढे प्रकरण कोर्टात गेलं की तीच क्लिप पुरावा म्हणून फिरते.

कंपन्यांच्या अ‍ॅपवरून जाणार असाल तर तुमची माहिती कुठे जाते ते वाचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने एका मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर ठपका ठेवला की लोकांनी प्रश्नावलीत भरलेली माहिती आणि ईमेल जाहिरातींसाठी सोशल मीडिया कंपन्यांना दिली, ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे तुम्ही सायकॉलॉजिस्टला काही सांगायच्या आधीच साइनअपच्या फॉर्ममध्ये बरंच सांगून बसलेले असता. फॉर्ममध्ये गरजेपुरतंच लिहा, बाकी तोंडी.

स्क्रीनचा थकवा खरा आहे बरं का. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली: सतत जवळून डोळ्यात डोळे, स्वतःचाच चेहरा बघत राहणं, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव कळायला जास्त डोकं लागणं. यातलं दुसरं लगेच बंद करता येतं, स्वतःचा चौकोन लपवा. रडताना आपण कसे दिसतो हे बघत कोण मोकळं रडेल? सेशनच्या आधी-नंतर थोडा वेळ मोकळा ठेवा, मीटिंग संपली की लगेच थेरपी आणि थेरपी संपली की लगेच कुकर असं नको. क्लिनिकमधून घरी जाताना जो वेळ मिळायचा तोही उपचाराचा भाग होता हे ऑनलाइन आल्यावर कळलं, आता तो मुद्दाम काढावा लागतो. एकट्याचं सेशन साधारण ५० मिनिटांचं, जोडप्याचं मी तरी ७५ च्या खाली घेत नाही, पन्नास मिनिटांत एकाचंच बोलून होतं.

काही वेळा मी ऑनलाइनला नाही म्हणते. आत्महत्येचा विचार नुसता मनात येऊन जात नाहीये तर कसं आणि केव्हा इथपर्यंत गेलाय, कोणाला नसलेले आवाज ऐकू येतायत, झोपेची गरजच उरली नाही आणि पैसे उधळणं, अखंड बोलणं चाललंय, खाणं सोडून वजन झपाट्याने उतरतंय, किंवा रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम दारू सोडायचीय, यात आधी प्रत्यक्ष डॉक्टर. दारू अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, ते व्हिडिओवर सांभाळायचं काम नाही. तातडीची वेळ असेल तर थेरपिस्टच्या रिप्लायची वाट बघू नका, तुमच्याकडचा इमर्जन्सी नंबर किंवा जवळचं हॉस्पिटल. आणि सायकॉलॉजिस्ट सहसा औषधं देत नाहीत, ती सायकियाट्रिस्ट देतात, बऱ्याच जणांना दोन्ही लागतात, त्यात कमीपणा नाही. थकवा, उदासी, झोप या तक्रारींत थायरॉइडसारखं काही शारीरिक नाही ना हे एकदा तपासून घेतलेलं बरं.

थेरपिस्ट निवडताना डिग्री आणि नोंदणी बघायची हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगते ते असं की पहिल्या छोट्या कॉलवर विचारा: "जोडप्यांबरोबर काम करायचं शिक्षण कुठे घेतलंत आणि सध्या किती जोडपी बघता?" एकट्या माणसाची थेरपी उत्तम करणारे कित्येक जण कपलमध्ये नकळत एकाची बाजू घेतात, ते वेगळं शिकावं लागतं. मिस्टर दुसऱ्या शहरात आहेत म्हणता, ते दुसऱ्या राज्यात किंवा देशात असतील तर तेही आधी सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी क्लायंट जिथे बसलाय तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो. दोन भेटींच्या मध्ये संपर्क कसा असेल, मेसेजला उत्तर कधी मिळेल, रद्द केलं तर फी लागते का, हे बाकीचं लेखी येतंच.

एक नवीन प्रकार हल्ली दिसतो. नवरा-बायको दोघंही सेशनला येताना आपापल्या चॅटबॉटचा निवाडा घेऊन येतात, दोघांच्या हातात स्क्रीनशॉट, दोन्हींत लिहिलेलं की तुमच्या भावना रास्त आहेत. अर्थात असणारच, दोघांनीही आपलीच बाजू टाइप केलेली. यंत्राशी मन मोकळं करायची ओढ जुनी आहे, संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा, टाइप करून गप्पा मारणारा अगदी साधा प्रोग्राम जाहीर केला तेव्हा त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. मनातलं उतरवून काढायला वापरा, माझी ना नाही. पण ते लिहिलेलं भांडणात पुरावा म्हणून आणू नका.

फरक पडतोय की नाही हे कसं कळणार? मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जुन्या अभ्यासांतल्या दोन हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं की साधारण निम्म्या लोकांना आठव्या भेटीपर्यंत मोजता येईल इतका फरक पडतो आणि २६ भेटींपर्यंत पाऊणशे टक्क्यांना. हे एकेकट्यांचं, पण अंदाज म्हणून धरा. मी दर काही आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची प्रश्नावली भरून घेते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, शून्य ते २७ गुण, १० किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायचं, आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, त्याला शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो मी तिथेच थांबते. जोडप्यांसाठी माझं साधं मोजमाप आहे, भांडण झाल्यावर परत बोलायला लागेपर्यंत किती वेळ जातो. चार दिवसांचा दीड दिवस झाला म्हणजे काम चालू आहे, मग भांडणं तितकीच असली तरी. आणि सहा-सात भेटी होऊनही काहीच हललं नाही तर थेरपिस्टला तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट चिडत नाही, उलट त्या दिवशीच खरं काम सुरू होतं पुष्कळदा. गुपचूप येणं बंद करू नका, ऑनलाइन ते फार सोपं आहे, लिंकवर क्लिकच करायचं नाही.

आता मिस्टरांना कसं सांगायचं. "आपल्याला थेरपीची गरज आहे" हे वाक्य त्यांना "तुझ्यात बिघाड आहे" असं ऐकू येणार. मेसेज असा टाका: "रात्रीचा कॉल आपल्या दोघांनाही नकोसा झालाय. मला तो परत हवासा व्हायला हवाय. एका बाईंशी दोघांनी एकदा बोलून बघू, पटलं नाही तर दुसऱ्यांदा नको. तुला कुठली वेळ सोयीची?" लेकीचा उल्लेख त्यात नको, तिच्यासाठी म्हणून बोलावलं की दोघं तिच्याबद्दल बोलत बसतात आणि स्वतःचं राहून जातं. लेकीला मात्र वेगळं विचारा, दोन-तीन थेरपिस्टचे फोटो आणि माहिती तिच्यासमोर ठेवा आणि तिला निवडू द्या, तिथे काय बोललीस ते मी विचारणार नाही असं सांगा आणि खरंच विचारू नका. तिच्या जिवाला धोका वाटला तर थेरपिस्ट तुम्हाला कळवतील, हेही तिला आधीच माहीत असू दे.

मिस्टर नाही म्हणाले तर तुम्ही एकटीने सुरू करा. एकटीनेच आलेल्या बायकांचे नवरे महिना-दोन महिन्यांनी "तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता" हे बघायला का होईना पण जॉइन होतात, असं मी पुष्कळदा पाहिलंय, आणि त्या निमित्ताने आलेला माणूसही मला चालतो.